एकसष्ट रेइयो, एक हेल्का

आमच्या हौशी रेडिओ क्लबच्या ऑक्टोबरातल्या मोर्स स्पर्धेच्या निकालात एक चूक आहे. ती कुठे आहे हे मला माहीत आहे, कारण निकाल मीच लावतो. दुरुस्त करायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. तरी ती मी करू शकत नाही, आणि का करू शकत नाही हे क्लबात कुणाला सांगूही शकत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

चूक एन्सिओ लात्वालाच्या नावापुढे आहे. एन्सिओ आमच्या हिरविकोस्की गावचा दूधगाडीवाला. चौतीस वर्षं त्याने डेअरीची टाकीची गाडी चालवली. एका खेपेला बेचाळीस गोठे. उणे तीस असो नाहीतर चिखल असो, गाडी मागे घ्यायची, पाइप जोडायचा, दूध ओढायचं, पुढे निघायचं. गोठ्यात शिरता शिरता तो मालकाला सांगायचा, "तुझ्या दुधाच्या कूलरचा आवाज बदललाय, बघून घे." आठवड्याभरात कूलर बंद पडायचा. काही लोकांना वाटायचं याचीच नजर लागते. पण नजर नव्हती, कान होता.

मोर्स तो सैन्यात शिकला, एकोणिसाव्या वर्षी, सगळ्या पोरांसारखी सक्तीची नोकरी करताना. बाकीची पोरं घरी आली आणि विसरली. हा विसरला नाही. गाडी चालवताना रस्त्यावरच्या पाट्या स्टिअरिंगवर बोटाने कट्ट-कडकट्ट वाजवत वाचायचा. तोंडी बोलणं त्याचं बेताचंच. शेजारी म्हणून मी वीस वर्षं त्याच्याकडून "हं", "बरं" आणि "बघू" एवढंच ऐकलं. मोर्सवर मात्र माणूस गप्पिष्ट! उत्तरेकडच्या केमियार्वीच्या रेइयो प्यूह्तिलाशी तर त्याची तीस वर्षांची गट्टी. दोघं प्रत्यक्ष एकदाच भेटले, एका उन्हाळी मेळाव्यात. तीन तास नदीकाठी बसून सॉसेज खाल्ले आणि एकमेकांशी सात-आठ वाक्यं बोलले. मग आपापल्या घरी पोचल्यावर रेडिओवरून तासभर बोलत बसले, भेट किती छान झाली म्हणून. थंडीत त्यांचं असं चालायचं. उन्हाळ्यात रेइयो मासे धरायला तळ्यावर जायचा, तेव्हा दोघांचाही रेडिओ गप्प.

एन्सिओ म्हणायचा, रेइयोचा हात तो शंभरांत ओळखेल. मोर्सची कळ दाबण्याची प्रत्येकाची तऱ्हा असते, कुणी शेवटची रेघ लांबवतो, कुणी दोन अक्षरांच्या मध्ये अडखळतो. पूर्वी सगळ्यांनाच ते ओळखू यायचं. आता मोर्स कॉम्प्युटर पाठवतो आणि सगळे हात सारखे झालेत. हाताने कळ चालवणारे आमच्या स्पर्धेत आठ-दहाच उरले होते, त्यांतले हे दोघे.

आता स्पर्धेचं सांगतो. रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन, चार तासांत रेडिओवरून जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची. गाठलं की दोघांनी एकमेकांना नाव पाठवायचं. स्टेशन ज्याच्या मालकीचं त्याचं नाव नाही हं, त्या घडीला कळीवर ज्याचा हात आहे त्याचं. जुन्या लोकांनी हा नियम मुद्दाम केला होता. तेव्हा एकाच रेडिओवर बाप, पोरगी, काका असे आळीपाळीने बसायचे, म्हणजे नाव नीट ऐकावंच लागायचं. स्पर्धा संपली की सगळ्यांनी आपापली वही तपासायला पाठवायची; नाव तिच्यात बरोबर उतरलं असेल तर गुण, नाहीतर शून्य.

आणि मग मी आलो. मी पालिकेच्या पाणीपुरवठ्यात कामाला आहे, पंपांचे प्रोग्रॅम लिहितो. क्लबासाठीही लिहिले. पहिला, वह्या तपासण्याचा. दुसरा, नावांच्या यादीचा. कोणत्या कॉलसाइनवर, म्हणजे स्टेशनाच्या ठरलेल्या अक्षर-आकड्यांच्या खुणेवर, कोण बसतं ते मागच्या वर्षांच्या वह्यांवरून मी एका फाइलीत भरलं आणि सगळ्यांना पाठवून दिलं. आता कॉलसाइन टाकलं की नाव चौकटीत आपोआप येऊन बसतं. एक बटण दाबलं की हाक जाते, दुसरं दाबलं की आपलं नाव जातं, तिसरं दाबलं की "धन्यवाद" आणि त्यापुढे समोरच्याचं नाव. लोक खूश झाले. खरं सांगायचं तर गेली आठ वर्षं आमच्या स्पर्धेत नाव कुणी ऐकलेलंच नाही. सगळे ते नुसतं वाचतात, हाताने कळ चालवणारेसुद्धा.

एन्सिओला मी विचारलं होतं, "यादी पाठवू का?"

"नको," तो म्हणाला. "मग ऐकायचं कशाला?"

तो पेन्सिलने शाळेच्या वहीत लिहायचा आणि वही माझ्या पत्रपेटीत टाकायचा. मी टाइप करायचो. तेवीस वर्षं त्याच्या वहीत एकही चूक निघाली नव्हती. आम्ही बाकीचे यादी समोर ठेवूनही दरवर्षी दोन-चार चुका करायचो.

फेब्रुवारीतल्या मोठ्या स्पर्धेला आमचा क्लब एकत्र बसतो, अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत. खुर्च्या दोन. एकीवरचा माणूस हाका देतो. दुसरी खिडकीजवळची, तिच्यावरच्याने गोंगाटातून अगदी क्षीण स्टेशनं उकरून काढायची. खिडकीची खुर्ची एन्सिओची. तिच्यावर त्याच्या दूधगाडीतली मेंढीच्या कातड्याची गादी असायची. बायको गेली त्या वर्षीही तो त्या खुर्चीवर बसला होता. वर्षभर ज्या माणसाला कुठे जायचं नसे, त्याला फेब्रुवारीत जायला तेवढं एक ठिकाण होतं.

मागच्या वसंतातल्या सभेत मीच विषय काढला. म्हटलं, त्या खुर्चीवर आता माणसाऐवजी मोर्स वाचणारा प्रोग्रॅम ठेवू. तो दमत नाही, एकाच वेळी सगळीकडे ऐकतो.

"राउनो, तुझा प्रोग्रॅम कॉफी करतो का?" पेर्त्तीने विचारलं. पेर्त्ती ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि सभेत तेवढंच एक काम करतो, टोमणे मारायचं.

"एन्सिओ तरी कुठे करतो? तो नुसती पितो," मी म्हणालो.

आमची अध्यक्ष सिर्का औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. निम्म्या गावाची दुखणी पोटात ठेवून बसलेली बाई. ती म्हणाली, "पोरांनो, माणसाच्या देखत त्याची खुर्ची वाटून घेताय? लाज धरा की जरा. एन्सिओ, तू काय म्हणतोस?"

क्लबात सगळेच अरे-तुरे. वयाचा मान म्हणजे पहिली कॉफी, बस्स.

एन्सिओने कप खाली ठेवला. "ऑक्टोबरात माझ्या वहीत एक जरी चूक निघाली तर मी उठतो," तो म्हणाला. "नाही निघाली तर मी मरेपर्यंत हा विषय काढायचा नाही."

हे त्याचं त्या सभेतलं एकमेव बोलणं. सगळ्यांनी हात वर केले आणि मीही केला.

ऑक्टोबरातली स्पर्धा मी घरून खेळलो. एका हातात सॉसेज, दुसरा हात बटणांवर. चार तासांत एकशे अठ्ठावन्न स्टेशनं झाली, माझा आजवरचा उच्चांक. मधे दोनदा उठून मोहरीची चटणी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी एन्सिओची वही पत्रपेटीत होती. एकशे नऊ स्टेशनं, सगळी हाताने.

वह्या जमल्या आणि मी प्रोग्रॅम चालवला. त्यात एक नियम मी आठ वर्षांपूर्वी घातलाय. एखाद्या स्टेशनाने स्वतःची वही पाठवली नसेल, तर त्याने काय नाव पाठवलं ते इतरांच्या वह्यांवरून ठरतं. बहुतेकांनी जे लिहिलं ते खरं. कुणी हरकत घेतली नव्हती, कारण यात चुकण्यासारखं काय आहे? रेइयोची वही त्या वर्षी आली नव्हती. त्याला बासष्ट जणांनी गाठलं होतं. एकसष्ट जणांनी लिहिलं होतं 'रेइयो'. एकाने लिहिलं होतं 'हेल्का'.

पडद्यावर उमटलं: लात्वाला, चुका एक.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. मग स्वतःची लाज वाटली, आणि मग मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो. सभेत सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आधी घरी कळलेलं बरं.

तो मागच्या अंगणात लाकडं रचत होता. मी वही उघडून ओळ दाखवली. "हे बघ, रेइयोच्या ठिकाणी तू हेल्का लिहिलंयस."

त्याने हातमोजा काढला आणि ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"बाकीच्यांनी काय लिहिलं?"

"रेइयो."

"सगळ्यांनी?"

"एकसष्टच्या एकसष्टांनी."

"कुणीच वेगळं लिहिलं नाही?"

"नाही रे. मी दोनदा तपासलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ओशाळलाय. "आणि तू?" त्याने विचारलं. "तू काय लिहिलंस?"

"रेइयोच की. दुसरं काय लिहिणार?"

"हं," तो म्हणाला. लाकडाचा एक ओंडका उचलला, परत ठेवला. "तुझा प्रोग्रॅम काय म्हणतो?"

"एक चूक."

"मग एक चूक."

"तुला हरकत घ्यायची असेल तर ऐक, एकतीस डिसेंबरपर्यंत मुदत आहे. कदाचित कुणाचा तरी सिग्नल मधे घुसला असेल..."

"नाही," तो म्हणाला. "स्पष्ट होतं सगळं." आणि हातमोजा घालून पुन्हा लाकडं रचायला लागला. ते वाक्य मी कानाआड केलं. म्हातारपण आहे, मान्य करायला जड जातंय, असा मी अर्थ लावला आणि घरी आलो.

वरच्या खोलीत सभा भरली, मी निकाल वाचला. पेर्त्तीला तर आयतंच सापडलं. "हेल्का कोण रे एन्सिओ? तीस वर्षं रेइयो-रेइयो करत होतास, तो हेल्का निघाला?"

"त्याला बाईचं नाव ऐकू आलं यात नवल काय," सिर्का म्हणाली. "दुकानात मलाही रोज तीन म्हातारे भलत्याच नावाने हाक मारतात." ती विषय हलका करायला बघत होती. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "एन्सिओ, तेवीस वर्षांत एक चूक म्हणजे चूकच नाही. तू म्हणालास ते आम्ही विसरलो. बस तू खिडकीत."

एन्सिओने पाव संपवला, बोटांना लागलेली साखर पुसली. "मी म्हणालो होतो," तो म्हणाला. मग उठला, खिडकीच्या खुर्चीवरची गादी गुंडाळून काखेत मारली आणि सगळ्यांना मान लववून जिना उतरला. 

फेब्रुवारीत खिडकीच्या खुर्चीवर मी कॉम्प्युटरचा पडदा ठेवला. एन्सिओ आला होता, वेलदोड्याचे पाव घेऊन. कॉफी त्यानेच केली. दुपारी तो माझ्यामागे कप घेऊन उभा होता, आणि एकदा हळूच म्हणाला, "गोंगाटाच्या खाली कुणीतरी आहे. फार बारीक आहे. तुला बोलावतोय."

मी पडद्याकडे पाहिलं. "काही दाखवत नाहीये."

"बरं," तो म्हणाला, आणि कप विसळायला गेला. त्या वर्षी आमच्या क्लबचे आजवरचे सर्वांत जास्त गुण झाले. मी सगळ्यांना ते दोन-तीनदा सांगितलं.

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी फोन आला. बाईंचा आवाज, उत्तरेकडची धाटणी. "राउनो किविपेल्तो का? वह्या तपासणारे? मी हेल्का प्यूह्तिला बोलतेय, केमियार्वीहून. रेइयोची बायको."



"रेइयो गेला," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीच्या शेवटी. त्याची कळ मला एन्सिओला पाठवायची आहे. पत्ता नाहीये, तुमचा नंबर तेवढा नियमांच्या कागदावर सापडला."

मी सांत्वनाचं जे सुचलं ते बोललो. मग विचारलं, "हेल्का, ऑक्टोबरात स्पर्धेला... कळीवर कोण होतं?"

"मीच की," त्या म्हणाल्या. "जूनमध्येच त्याला झटका आला होता ना. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कान तेवढे शाबूत होते. ऑक्टोबर आला तसा रोज कळीकडे डाव्या हाताने खुणा करायला लागला. माझ्याकडे एकोणऐंशी सालचं लायसन आहे हो, पण मुलं झाल्यावर कळीला हात लावला नव्हता. म्हटलं बसते. नियम वाचला, जो कळीवर असेल त्याचं नाव पाठवा. म्हणून मी माझं पाठवलं, हळूहळू, दोन-दोनदा."

"मग?"

त्या हसल्या. अगदी मोकळं हसल्या. "मग काय! पहिल्याने उत्तर दिलं, धन्यवाद रेइयो. मला वाटलं चुकून. दुसऱ्याने, धन्यवाद रेइयो. तिसरा, चौथा... मी आपली हेल्का हेल्का करतेय, आणि सगळे म्हणताहेत रेइयो, रेइयो. तो शेजारी खुर्चीत बसलेला. पहिल्यांदा बघतच राहिला, मग हसायला लागला, मग रडायला. मी बोटांवर मोजत होते. एकसष्ट जणांनी त्याला नावाने हाक मारली, राउनो. कळीवर मी आहे हे माहीत असून, मी सांगत असून, त्यांना तोच हवा होता. अशी माया मी माणसांत पाहिली नाही कधी."

 यादीच्या फाइलीतली रेइयोच्या नावाची ओळ मी स्वतः टाइप केलेली आहे.

"एन्सिओने तेवढं विचारलं," त्या पुढे म्हणाल्या. "मी दोन अक्षरं पाठवली असतील नसतील, त्याने मला थांबवलं. रेइयो कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं आजारी आहे, इथेच शेजारी बसलाय. मग बराच वेळ काही नाही. भर स्पर्धेत! आणि मग इतकं सावकाश, इतकं सुटं सुटं पाठवलं त्याने, की झटका आलेल्या माणसालाही कळावं. रेइयो, मी एन्सिओ, मी इथे आहे. मी त्याला कळवलं, सगळे रेइयोलाच हाक मारताहेत आणि त्याला फार बरं वाटतंय, तर तो आजारी आहे हे तुम्ही कुणाला सांगू नका. तो म्हणाला, नाही सांगणार." मग त्यांनी विचारलं, "त्याच्यामुळे कुणाचं काही अडलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही. काहीसुद्धा नाही."

पत्ता दिला. फोन ठेवला. मग कॉम्प्युटर उघडला.

स्पर्धेत माझा कॉम्प्युटर चारही तासांचा आवाज साठवून ठेवतो. मी आजवर तो कधी ऐकला नव्हता. ऐकायची गरजच काय! त्या दिवशी वहीतली वेळ पाहून तो तुकडा काढला. अकरा बेचाळीस. आधी माझं यंत्र, सरसर. मग एक हात, सावकाश, थोडा घाबरलेला. मला पहिल्यांदा काही कळेना. मोर्सची परीक्षा मीही पास झालोय, तीस वर्षांपूर्वी. सहा वेळा लावलं तेव्हा कुठे अक्षरं सुटी झाली. चार टिंबं. एकटं टिंब. हेल्का. पुन्हा, हेल्का. त्यावर लगेच माझं यंत्र: धन्यवाद रेइयो. आणि नंतर ती पुन्हा पाठवायला लागली होती, हे, ल्... आणि माझं यंत्र तिच्यावरूनच पुढची हाक द्यायला लागलं.

मी तेव्हा चटणीचा हात पुसत होतो.

तसाच उठून एन्सिओकडे गेलो. तो स्वयंपाकघरात होता. मी दारातच सुरू केलं, "मी निकाल बदलतो. आजच. मुदत गेली तर गेली, सिर्काला मी सांगतो. आणि पुढच्या फेब्रुवारीत तू खिडकीत बसशील, मी तुला उचलून नेऊन बसवीन."

"बूट काढ," तो म्हणाला. "कॉफी घे."

"हेल्काचा फोन आला होता."

"हं."

"तू का नाही बोललास? मला तरी सांगायचंस! मी तुझ्या समोर उभा होतो वही घेऊन!"

त्याने दोन कप भरले. "निकाल बदललास तर काय होईल?"

"तुझी चूक जाईल."

"आणि एकसष्ट जणांना एकेक चूक लागेल. ते विचारतील कशाची. तू सांगशील, रेइयोची. मग चांगली माणसं आहेत ती, हेल्काला फोन करतील. माफ करा, म्हणतील, आम्ही ऐकलंच नव्हतं, नाव यादीतून आलं होतं, बटण दाबलं की जातं." त्याने साखरेचा खडा कपात टाकला. "तिला आता काय वाटतंय ते तुला ठाऊक आहे."

मी खाली बसून बूट काढले.

"रेइयो तेच ऐकत गेला," एन्सिओ म्हणाला. "त्याला यादीचं ठाऊक होतं का, मला माहीत नाही. त्याच्याकडे पण कॉम्प्युटर नव्हता."

"मग निकाल राहू दे. तू नुसता खुर्चीवर बस. सिर्का तर तेव्हाच म्हणाली होती."

"एक चूक झाली तर उठतो म्हणालो होतो. परत बसलो तर का बसलो ते सांगावं लागेल. पेर्त्ती सोडेल होय?"

"पण चूक नव्हतीच!" मी ओरडलोच. "तू एकट्याने ऐकलंस, एन्सिओ! सगळ्या देशात तू एकट्याने!"

तो खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्याने पुसलं नाही की लपवलं नाही. "हो," तो म्हणाला. "त्याचंच वाईट वाटलं."

मी कॉफी प्यायलो. तिला काही चव नव्हती.

घरी येऊन निदान ती ओळ यादीतून काढून टाकली, रेइयो प्यूह्तिलाची. तेवढंच माझ्या हातात होतं. नियमही बदलावा म्हणून बसलो. पण बदलायचा कशात? बहुतेकांनी लिहिलेलं खरं धरायचं नाही, तर काय धरायचं? एकट्याचं कोणत्या हिशेबाने खरं धरायचं, ते मला अजून प्रोग्रॅममध्ये लिहिता आलेलं नाही.

ती कळ एप्रिलमध्ये पोचली. रविवारी सकाळी दहाला एन्सिओ आता त्या कळीवर बसतो. तिकडून हेल्का असते, तिच्या स्वतःच्या कॉलसाइनवर आणि स्वतःच्या जुन्या कळीवर. मीही रेडिओ लावतो, पडदा बंद करून. तो चालू असला तरी काही उपयोग नसतो. तिचा हात प्रोग्रॅमला वाचता येत नाही, तो नुसती भलतीच अक्षरं ओततो. दोघं तासभर बोलतात. काय बोलतात मला कळत नाही. टिंबं आणि रेघा येतात, मी पेन्सिल घेऊन बसतो, दोन अक्षरं पकडेपर्यंत पाच निसटतात, आणि कागदावर काही उभं राहत नाही.

तिला निरोप घेताना नाव पाठवायची सवय आहे, दोनदा. ते तेवढं मला येतं. चार टिंबं, मग एकटं टिंब. मी दर रविवारी ते लिहून घेतो. क्लबच्या भिंतीवर निकालाचा कागद अजून आहे, आणि त्यावर एन्सिओच्या नावापुढे माझ्या हाताने लिहिलेला एकचा आकडा.